मैत्रीचा उंबरठा

६ मार्च १९२७ रोजी अकोल्यात एक लग्न लागले. नवरदेव चौतीस वर्षांचा, समुद्रापलीकडच्या दक्षिण आफ्रिकेत वर्तमानपत्र चालवणारा. नवरी एकोणीस वर्षांची, अकोल्यात स्थायिक झालेल्या एका गुजराती घराण्यातली. नवरदेवाचे नाव मणिलाल आणि नवरीचे सुशीला. मुलीचे वडील नानाभाई मशरूवाला. मुलाचे वडील मोहनदास करमचंद गांधी.

मी अकोल्यात जठारपेठेत राहतो. गांधीजी अकोल्याला येऊन गेले हे आमच्याकडे पुष्कळांना ठाऊक असते; पण अकोला हे गांधीजींच्या व्याह्यांचे गाव, हे सांगितले की ऐकणारा क्षणभर थांबतो. मशरूवालांचे नाव मात्र त्याने कुठेतरी ऐकलेले असते. नानाभाईंचे धाकटे बंधू किशोरलाल मशरूवाला हे गांधी विचारांचे मोठे भाष्यकार. प्रकृती दम्याने पोखरलेली, पण बुद्धी तल्लख. गांधीजींच्या हत्येनंतर १९५२ साली स्वतःचा देह पडेपर्यंत हरिजन साप्ताहिकाचे संपादन त्यांनीच केले. अशा घरातली लेक गांधींची सून झाली. जात सारखी, भाषा सारखी, विचारांची घडणही सारखी. सोयरीक जुळली यात नवल ते काय?

नवल आहे ते त्याच्या आदल्या वर्षी घडलेल्या गोष्टीत. मणिलालला दुसऱ्याच एका मुलीशी लग्न करायचे होते. ती केपटाऊनच्या एका मुसलमान घरातली होती. त्या घराशी गांधी कुटुंबाचा जुना स्नेह होता. तरीही ते लग्न झाले नाही.

ही गोष्ट आज सांगावीशी वाटली, कारण आमच्या पेठेतल्या घरांतून एक प्रश्न फिरून फिरून कानावर येतो. मुलगा शाळेत असतो तेव्हा त्याचा मित्र कोणत्या धर्माचा आहे याची चौकशी कुणी करत नाही. दोघे एकत्र अभ्यास करतात, आई दोघांपुढे पोह्यांच्या बशा ठेवते. ईदला शीरखुर्मा येतो, दिवाळीला फराळ जातो. लेकरे कॉलेजात गेली की प्रश्नाचा सूर बदलतो. कुणाचा मुलगा? कुठला? मुलीच्या मैत्रीबद्दल तर तो सूर आणखी लवकर बदलतो. आणि मोर्णेच्या पलीकडे जुन्या शहरात मे २०२३ मध्ये झाली तशी दंगल झाली, संचारबंदी लागली, की मग मैत्रीतला धर्म हा विषय प्रत्येक बैठकीत निघतो. मैत्री करताना धर्म आडवा यावा का? मणिलाल गांधींचे आयुष्य या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देत नाही. पण हा प्रश्न नेमका कुठे उभा राहतो, ते मात्र दाखवून देते.

जहाज अब्दुल्लांचे, घर रुस्तमजींचे

मणिलालचा जन्म २८ ऑक्टोबर १८९२ रोजी राजकोटचा. चार भावांत दुसरा. चार वर्षांचा असताना तो आईवडिलांबरोबर डर्बनला निघाला. कुरलँड हे जहाज दादा अब्दुल्लांच्या पेढीचे, म्हणजे ज्या मुसलमान व्यापाऱ्यांनी गांधींना पहिल्यांदा आफ्रिकेत नेले त्यांचे. डिसेंबर १८९६ मध्ये ते डर्बनच्या बंदराबाहेर येऊन थांबले ते थांबलेच. प्लेगच्या साथीचे कारण पुढे करून प्रवाशांना तीन आठवड्यांहून अधिक काळ उतरू दिले नाही. खरे कारण निराळे होते. हिंदी माणसांनी तिथे येऊच नये, अशी गोऱ्या रहिवाशांची मागणी होती आणि गांधींवर त्यांचा विशेष राग होता.

१३ जानेवारी १८९७ रोजी प्रवासी उतरले. कस्तुरबा आणि मुलांना गाडीतून थेट पारशी रुस्तमजी यांच्या घरी नेण्यात आले. मागून पायी येणाऱ्या गांधींना जमावाने गाठले, दगड आणि अंडी मारली, लाथाबुक्क्यांनी तुडवले. पोलीस अधीक्षकाची पत्नी मिसेस अलेक्झांडर तिथून चालली होती. आपली छत्री उघडून ती जमाव आणि गांधी यांच्या मध्ये उभी राहिली, म्हणून जीव वाचला. रात्री जमावाने रुस्तमजींच्या घरालाच वेढा घातला. गांधी पोलिसाच्या वेषात मागल्या वाटेने निसटले.

चार वर्षांच्या पोराला यातले किती कळले असेल ते असो. पण परमुलखातल्या त्याच्या पहिल्या दिवसाचा हिशेब मांडून पाहा. जहाज मुसलमानाचे, आसरा पारशाचा, बापाच्या डोक्यावरची छत्री एका ख्रिस्ती बाईची. त्या रात्री रुस्तमजींनी दार उघडले ते घर पेटण्याचा धोका पत्करून. मैत्री हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. त्या घरात त्याची किंमत त्या रात्री मोजली गेली.

पुढे मुंबईत असताना दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला, त्यात न्यूमोनियाची भर पडली. औषधोपचार करणारे डॉक्टरही पारशीच होते. त्यांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्यायला सांगितला. गांधींनी तो नाकारला आणि स्वतःच्या जबाबदारीवर पाण्याचे उपचार केले. डॉक्टरांनी राग धरला नाही, नाडी बघायला ते येत राहिले. मुलगा वाचला. दोघांचे आचार एकमेकांविरुद्ध असूनही ते एका आजारी मुलाच्या खाटेशी कसे बसू शकतात, याचा हा एक नमुना.

एक शेत, चार धर्म

१९०४ मध्ये गांधींनी डर्बनपासून चौदा मैलांवर फिनिक्स येथे शंभर एकर जमीन घेतली. इंडियन ओपिनियन हे त्यांचे साप्ताहिक तिथून निघू लागले. छापखान्याच्या शेडसाठी जुने पत्रे दिले ते पुन्हा रुस्तमजींनीच. मणिलाल तिथे वाढला. खिळे जुळवणे, शेती, सुतारकाम हेच त्याचे शिक्षण. रीतसर शाळा-कॉलेज त्याच्या वाट्याला आले नाही आणि ती खंत त्याला आयुष्यभर राहिली.

जोहान्सबर्गच्या घरात तर वेगळेच जग होते. गांधींचे सहकारी हेन्री पोलक हे ज्यू, त्यांची वाग्दत्त वधू मिली ग्रॅहॅम ही ख्रिस्ती. ३० डिसेंबर १९०५ रोजी त्यांचे लग्न झाले, तेव्हा नवरदेवाच्या बाजूने उभे होते खुद्द गांधी. एका हिंदी माणसाला बरोबर पाहून नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला शंका आली आणि तो लग्न लावायला कचरू लागला. गांधींनी वरच्या न्यायाधीशापर्यंत धाव घेतली आणि त्याच दिवशी लग्न लावून घेतले. नंतर हे जोडपे गांधींच्याच घरी राहायला आले. तेरा वर्षांचा मणिलाल हे सगळे बघत होता. वेगळ्या धर्मांची दोन माणसे संसार मांडू शकतात आणि आपला बाप त्यासाठी धावपळ करतो, हे त्याने घरातच पाहिले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे ती लागणार आहे.

१९१० मध्ये हर्मन कॅलनबाख या ज्यू वास्तुविशारदाने जोहान्सबर्गजवळची आपली अकराशे एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी देऊन टाकली. तेच टॉलस्टॉय फार्म. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती मुले तिथे एकत्र राहत. रमजान आला की मुसलमान मुले रोजे धरत आणि त्यांना सोबत म्हणून इतर धर्मांची मुलेही दिवसभराचा उपास करत. स्वयंपाकघर एकच होते आणि ते शाकाहारी होते. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांना मांसाहाराची मोकळीक होती, पण त्यांनी ती आपण होऊन सोडली. हे वाचताना मला नेहमी एक गोष्ट टोचते. सर्वधर्मीयांचे स्वयंपाकघर एक झाले खरे, पण ताटातला पदार्थ सोडावा लागला तो पाहुण्यांना. अशी मोडती बाजू कुणीतरी घेतल्याशिवाय मैत्री टिकत नाही, हेही तितकेच खरे. फक्त प्रत्येक वेळी ती एकाच बाजूने घेऊ नये.

त्याच १९१० साली मणिलाल पहिल्यांदा तुरुंगात गेला. वय सतरा. तुरुंग पुढे त्याच्या सवयीचा झाला. मार्च १९१३ मध्ये केप प्रांतातल्या न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, ख्रिस्ती पद्धतीने न लागलेली लग्ने कायद्याला मान्य नाहीत. एका निकालाने हिंदू, मुसलमान आणि पारशी अशा सगळ्याच बायका कायद्याच्या नजरेत बिनलग्नाच्या ठरल्या. मग कस्तुरबाही सत्याग्रहात उतरल्या. सप्टेंबरमध्ये फिनिक्सहून निघालेल्या पहिल्या सोळा जणांच्या तुकडीत त्या होत्या आणि रुस्तमजीही होते. आपले लग्न लग्न मानले जावे, यासाठी सगळे धर्म एका तुरुंगात गेले होते.

केपटाऊनचे घर

तुरुंगातून सुटलेल्या कस्तुरबा १९१४ च्या आरंभी फार आजारी होत्या. त्या दिवसांत गांधी कुटुंबाचा केपटाऊनला मुक्काम पडला आणि तिथे युसुफ गूल या व्यापाऱ्याच्या घराशी त्यांचा घरोबा झाला. त्या घरातली मुलगी फातिमा. मणिलाल तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

त्यानंतर मणिलाल भारतात आला, साबरमतीला राहिला. तिथे आश्रमाच्या पैशांतून थोरल्या भावाला, हरिलालला, मदत केल्याचे वडिलांना कळले आणि त्याला आश्रम सोडावा लागला. काही काळ मद्रासेत काढून १९१७ मध्ये तो पुन्हा आफ्रिकेत गेला. १९२० पासून इंडियन ओपिनियनची संपादकी त्याच्या खांद्यावर आली. एकटा जीव, तोट्यातले वर्तमानपत्र, माळरानावरची वस्ती. गूल कुटुंबाशी असलेली ओळख मात्र तुटली नाही. तिचे रूपांतर प्रेमात झाले आणि ते वर्षानुवर्षे टिकले. १९२६ मध्ये मणिलालने लग्नाची इच्छा वडिलांच्या कानावर घातली. फातिमा हिंदू व्हायलाही तयार होती, असे त्यात होते.

एप्रिल १९२६

३ एप्रिल १९२६ रोजी साबरमतीहून गांधींनी मुलाला उत्तर लिहिले. ते नकाराचे होते.

त्यांचे मुद्दे साधारण असे. केवळ लग्नासाठी धर्म बदलणे हा धर्माचा अपमान आहे. दोघांनी आपापला धर्म पाळायचा म्हटले, तर एका घरात दोन निष्ठा नांदायच्या कशा आणि मुलांनी कोणाचा धर्म घ्यायचा? शिवाय हे लग्न दोन माणसांचे राहणार नाही, हिंदू-मुसलमान प्रश्नावर त्याचा मोठा परिणाम होईल. मणिलालला समाजकार्य करता येणार नाही, वर्तमानपत्र चालवणे अवघड होईल, हिंदुस्थानात परतणेही कठीण होईल. आणि कस्तुरबांना हे विचारण्याची आपली छाती नाही.

गांधींवर येथे ढोंगीपणाचा शिक्का मारणे सोपे आहे. तो मी मारणार नाही. त्या दिवसांकडे पाहा. १९२४ च्या सप्टेंबरात हिंदू-मुसलमान ऐक्यासाठी त्यांनी एकवीस दिवसांचा उपास केला, तो दिल्लीत मौलाना महंमद अलींच्या घरी राहून. मित्राच्या छपराखाली त्यांनी आपला जीव ठेवला होता. पण तोवर खिलाफतीच्या काळातले ऐक्य विरून गेले होते. १९२६ च्या एप्रिलच्या पहिल्याच दिवसांत कलकत्त्यात भीषण दंगल उसळली. देशात हिंदू-मुसलमानांच्या लग्नाला, दोघांचेही धर्म शाबूत ठेवून, कायद्यात जागा नव्हती. १८७२ च्या कायद्याने नोंदणी विवाह करायचा तर आपण या धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. ही अट जाऊन सर्वांना मोकळी वाट मिळाली ती १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने.

गांधींचे त्या काळातले मतही लपलेले नव्हते. ऐक्यासाठी एका पंगतीत जेवलेच पाहिजे किंवा सोयरीक केलीच पाहिजे असे नाही, हे ते १९२० च्या सुमारास उघड लिहीत होते. तेव्हा नकाराची कारणे समजू शकतात. पण कारणे समजली म्हणजे किंमत कमी होत नाही. ज्या बापाने पोलकांच्या लग्नासाठी न्यायाधीशाचे दार ठोठावले, त्याच बापाने वीस वर्षांनी स्वतःच्या मुलाला आपल्या दारातून परत फिरवले. मित्राच्या घरात जे चालले, ते आपल्या घराच्या उंबरठ्यापाशी अडले. आणि पत्र लिहिले गेले मणिलालला. ज्या घराने आजारी कस्तुरबांच्या दिवसांत स्नेह दिला, त्या घरच्या लेकीच्या आयुष्याचा फैसला दोन हिंदू पुरुषांच्या पत्रव्यवहारात झाला.

मणिलालने वडिलांची आज्ञा मानली.

अकोल्याची लेक

पुढचे वर्ष उलटायच्या आत अकोल्याचे स्थळ ठरले. जमनालाल बजाज यांनी त्यात पुढाकार घेतला. लग्नाआधी गांधींनी मुलाला बजावले की, सुशीलेचे स्वातंत्र्य जपायचे, तिला दासी नव्हे तर सखी मानायचे. मुलाच्या मनाला मुरड घालणारा हाच बाप सुनेच्या स्वातंत्र्याची हमी मागत होता. माणूस असा एका रंगाचा नसतो.

मराठी मुलखात वाढलेली एकोणीस वर्षांची मुलगी बोटीत बसून फिनिक्सच्या माळावर गेली. तिथे ती छापखान्यात उभी राहिली, गुजराती मजकुराचे काम शिकली. १९२८ मध्ये सीता, १९३४ मध्ये अरुण आणि १९४० मध्ये इला अशी तीन मुले झाली. संसार चांगला झाला. मणिलाल तुरुंगात असताना घर, मुले आणि वर्तमानपत्र या तिन्हींचा भार सुशीलाबेननी उचलला. हे लग्न म्हणजे एका मोडलेल्या स्वप्नावरचा उपाय होता, असे म्हटले तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्या स्वतःच्या बळावर उभ्या राहिल्या. इंडियन ओपिनियन पतीच्या मृत्यूनंतरही त्यांनी १९६१ पर्यंत चालवला.

धारासणा

आता खरा प्रश्न असा की, उंबरठ्यावरून परत फिरवलेल्या माणसाने दुसऱ्या धर्माच्या माणसांशी असलेल्या मैत्रीचे काय केले? त्याच्या मनात कडवटपणा आला असता तर कुणी दोष दिला नसता. आपल्यात किती जण एखाद्या अनुभवाने पोळतात आणि जन्मभर एका समाजाकडे पाठ फिरवून बसतात!

१९३० मध्ये मणिलाल भारतात होता. दांडीला चालत गेलेल्या सत्याग्रहींमध्ये तो होता. त्याच यात्रेत केरळचे टायटस हे ख्रिस्ती सत्याग्रहीही होते. गांधींना अटक झाल्यावर धुरा आली अब्बास तय्यबजी या वयोवृद्ध मुसलमान नेत्याकडे. त्यांनाही पकडले, तेव्हा सरोजिनी नायडू पुढे आल्या. २१ मे रोजी धारासणाच्या मिठागरावर सत्याग्रही चालून गेले आणि पोलिसांच्या लोखंडी टोकांच्या लाठ्यांनी त्यांची डोकी फुटली. अमेरिकी पत्रकार वेब मिलर यांच्या बातमीने ते दृश्य जगभर पोचवले. त्या दिवशी अग्रभागी होते मणिलाल आणि त्याच आंदोलनात त्यांच्या बरोबरीने होते इमामसाहेब बावझीर.

हे इमामसाहेब कोण? अब्दुल कादिर बावझीर हे जोहान्सबर्गला मशिदीत इमाम होते. सत्याग्रहात तुरुंगात गेले, मग कुटुंबासह फिनिक्सला राहायला आले आणि गांधी भारतात परतल्यावर तेही साबरमतीच्या आश्रमात आले. तिथले त्यांचे घर इमाम मंझिल म्हणून ओळखले जाते. शेवटपर्यंत ते निष्ठावान मुसलमान राहिले. नमाज सोडली नाही, आश्रमही सोडला नाही. मणिलालने त्यांना तरुणपणापासून पाहिले होते. फातिमाचा विषय संपून चारच वर्षे झाली होती. मणिलाल त्यांच्या सोबत लाठ्यांपुढे गेला.

पुढेही तसेच. दक्षिण आफ्रिकेत १९४८ मध्ये वर्णभेदी सरकार आले. १९४९ मध्ये त्याने गोऱ्यांच्या इतर वर्णीयांशी होणाऱ्या लग्नांवर बंदी घालणारा कायदा केला. कोणी कोणाच्या घरात नांदावे हे आता सरकार ठरवू लागले. मणिलाल साठीला आला होता, प्रकृती खालावली होती. तरी उपास, कायदेभंग, तुरुंग चालूच. डिसेंबर १९५२ मध्ये जर्मिस्टन येथे कृष्णवर्णीयांच्या वस्तीत परवान्याशिवाय शिरून त्याने कायदा मोडला. बरोबर होते पॅट्रिक डंकन, एका माजी गव्हर्नर जनरलचे चिरंजीव, अपघाताने जायबंदी झालेले, कुबड्यांवर चालणारे. दोघांनाही शिक्षा झाली. ५ एप्रिल १९५६ रोजी फिनिक्सला मणिलाल गांधींचे निधन झाले. वय त्रेसष्ट. छत्तीस वर्षे त्यांनी एकच वर्तमानपत्र चालवले.

उंबरठ्याच्या आत

गांधीही १९२६ पाशी थांबले नाहीत. धाकटा मुलगा देवदास याचे राजाजींच्या लक्ष्मीवर प्रेम बसले. मुलगी ब्राह्मण, मुलगा वैश्य. दोन्ही बापांनी काही वर्षे थांबायची अट घातली आणि जून १९३३ मध्ये पुण्यात लग्न लागले. १९४२ मध्ये इंदिरा नेहरू आणि फिरोज गांधी यांच्या लग्नावर देशभर गदारोळ झाला, तेव्हा महात्माजींनी जाहीरपणे त्या लग्नाची बाजू घेतली. अखेरच्या वर्षांत तर वेगळ्या धर्मांच्या माणसांनी आपापला धर्म राखून, एकमेकांचा आदर करून केलेले लग्न स्वागतार्ह आहे, असे त्यांचे मत झाले होते. धाकट्या भावासाठी दार किलकिले झाले, नेहरूंच्या मुलीसाठी उघडले. मणिलालचा नंबर आधी लागला होता, एवढेच.

मला या चरित्रातून काय मिळाले ते सांगतो. मैत्री जमताना धर्माचा अडसर नसतो. दहा वर्षांच्या मुलाच्या खाटेशी बसणारा डॉक्टर, रात्री दार उघडणारा व्यापारी, जमीन देणारा वास्तुविशारद, लाठ्यांसमोर चालणारा इमाम यांपैकी कुणीही आधी धर्म विचारून मणिलालच्या आयुष्यात आले नाहीत. धर्म आडवा येतो तो मैत्री जेव्हा ओट्यावरून माजघरात यायला निघते तेव्हा. ओट्यावर सगळ्यांना जागा असते, कारण ओट्यावर बसणारा काही मागत नाही.

कुणी म्हणेल, मैत्री वेगळी, लग्न वेगळे. मान्य. लग्नात पुढची पिढी असते, नातेवाईक असतात, कुळाचार असतात. आईबापांची काळजी खोटी नसते. गांधींनी विचारलेला मुलांच्या धर्माचा प्रश्न आजही कुठल्याही घरात विचारला जाईल आणि तो विचारण्याचा आईबापांना हक्क आहे. पण तो समोरासमोर विचारावा. दोन्ही मुलांना बसवून, दोन्ही घरांनी मिळून विचारावा. एकाने पत्र लिहावे, दुसऱ्याने मान तुकवावी आणि तिसरीच्या आयुष्याची दिशा बदलावी, असे होऊ नये. लेकराच्या मित्राला वर्षानुवर्षे पोहे खाऊ घालून, तो मोठा झाल्यावर एक दिवस अचानक त्याचा धर्म आठवावा, हेही बरे नव्हे. आपली दारे कुठपर्यंत उघडी आहेत, हे घरात आधीच बोलले गेलेले बरे. बोलता बोलता कधी कधी ती आणखी थोडी उघडतात. गांधींच्या घरात तसे झाले, फक्त त्याला वीस वर्षे लागली.

या घराण्याचे पुढचे धागे पुन्हा आपल्याकडे येतात. मणिलाल-सुशीलांचा मुलगा अरुण याने १९५७ मध्ये मुंबईच्या सुनंदा आंबेगावकर या मराठी परिचारिकेशी लग्न केले. २ मे २०२३ रोजी कोल्हापुरात त्याचे निधन झाले. इला गांधी वर्णभेदाविरुद्ध लढल्या आणि १९९४ मध्ये स्वतंत्र दक्षिण आफ्रिकेच्या पहिल्या लोकनियुक्त संसदेत निवडून आल्या. आणि सीतेची मुलगी उमा धुपेलिया-मेस्त्री ही इतिहासकार झाली. तिने आजोबांचे चरित्र लिहिले, ते २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. अकोल्याच्या सुशीलेची ही नात. आजीच्या लग्नाआधीची फातिमाची हकिगत तिने त्या पुस्तकात झाकून ठेवली नाही, आजोबांच्या आयुष्यातले तिचे स्थान तिला दिले. केपटाऊनच्या त्या मुलीला गांधींच्या घरात प्रवेश मिळाला तो असा, दोन पिढ्यांनंतर, आमच्या गावच्या लेकीच्या नातीच्या हातून.